पॉइंट २२ ची ‘सेकंड’ काडतुसं निम्म्या भावात मिळतायत, घ्यावीत का?

भाऊ, तुम्ही भुसावळचे, क्लबात पॉइंट २२ रायफलीने ५० मीटरवर नेमबाजीचा सराव करता, आणि लायसन्सवाल्या दुकानदाराकडे परदेशी कंपनीने ‘सेकंड’ म्हणून, म्हणजे कमी प्रतीचा ठरवून बाजूला काढलेला माल आलाय, असं लिहिलंय. मी तसली दोन खोकी घेतली होती. १०० काडतुसं.

आधी एक गैरसमज. स्वस्त काडतूस म्हटलं की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘वरणगावचं असेल.’ वरणगावच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीत ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरचा लष्करी माल बनतो. तो दुकानात येत नाही. कुणी देऊ केलाच तर हातही लावू नका, सरळ तुरुंगाचं काम आहे.

आता सेकंड. रावेर-यावलकडे केळीत वापसी (निवडून बाजूला टाकलेला माल) निघते ना, तसंच हे. पण वापसीचं केळं सोलून बघता येतं. पॉइंट २२ ला पेटवणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आत भरलेला असतो. कडेला एका ठिकाणी तो पातळ बसला आणि पिन नेमकी तिथेच पडली, तर नुसतं ‘खट’. माझी ९ काडतुसं अशी गेली. अर्धा मिनिट नळी टार्गेटकडेच धरून थांबायचं (उशिरा पेटलं तर?), मग काडतूस थोडं फिरवून परत लावायचं. त्यातली ५ उडाली, ४ मेलेलीच.

तेवढं चालून गेलं असतं. एकदा मात्र आवाज ‘फुस्स’ आला. मी सवयीने पुढचं काडतूस लावणार, तेवढ्यात क्लबातल्या सरांनी मनगट धरलं. बोल्ट काढून रॉड घातला, तर गोळी नळीतच अडकलेली. पुढची झाडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटलीही असती.

आणखी एक, याबद्दल कुणी बोलत नाही. अशा खोक्यात वेगवेगळ्या लॉटची (म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली) काडतुसं मिसळलेली असू शकतात. मग गोळीच्या वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सेंटीमीटरभर वर-खाली जाते, आणि टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. मी महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष देत बसलो होतो.

तरी सगळं खापर काडतुसावर फोडू नका. न उडालेल्याच्या कडेवरचा पिनेचा खड्डा बघा. खोल असेल तर माल खराब, उथळ असेल तर तुमच्या रायफलीची स्प्रिंग थकलीय किंवा बोल्टात घाण आहे. आणि मे महिन्यात खोकी गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात गोळीवरचं मेण पाघळतं.

घ्यायचीच असतील तर एकच खोकं, तेही लॉट नंबर छापलेलं, नुसत्या सरावाला. माझी ३८ उरली होती. दुकानदाराने परत घेतली, लायसन्सवर नोंदही केली. पैसे मागितले तर म्हणाला, ‘सेकंड होती ना!’