नवीन प्लॅटिनम संयुगाचा आयसी५० (निम्म्या पेशी रोखायला लागणारं प्रमाण) हेला या कर्करोग-पेशींवर सिस्प्लॅटिन या जुन्या कर्करोग-औषधापेक्षा कमी आला, तर त्याला संभाव्य कर्करोग-औषध म्हणता येईल का?

आधी एक सांगा, तुलनेसाठी घेतलेलं सिस्प्लॅटिन कशात विरघळवलं होतंत? डीएमएसओ या द्रावकात असेल, तर तुमची तुलना सिस्प्लॅटिनशी झालेलीच नाही.

डीएमएसओतला सल्फर प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि क्लोराइडला बाहेर काढतो. सिस्प्लॅटिनचं सगळं काम त्या दोन क्लोराइडांवर चालतं. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून ते जागेवर राहतात. पेशीत ते कमी, म्हणून तिथे सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि मग प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिनला धरतं. बाटलीतच क्लोराइड गेला तर पुढे काय उरलं?

पीएचडीच्या काळात आमच्या लॅबमध्ये बनलेलं जवळजवळ प्रत्येक संयुग सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरायचं. मला ते पटेना. फ्रीजमधला सिस्प्लॅटिनचा स्टॉक डीएमएसओतला होता आणि महिनोन्‌महिने तोच वापरात होता. त्याचा प्लॅटिनम-१९५ एनएमआर (प्लॅटिनमला काय जोडलेलं आहे ते दाखवणारी चाचणी) काढला, तर सिग्नल -३१०० पीपीएमच्या आसपास, म्हणजे सल्फर बसलेला. मग ०.९ टक्के सलाइनमध्ये ताजं सिस्प्लॅटिन बनवून त्याच पेशींवर टाकलं. त्याचा आयसी५० इतका खाली आला की आमची बहुतेक ‘सरस’ संयुगं मागे पडली. हात बांधलेल्या पहिलवानाला आम्ही चीतपट करत होतो! गाईडना आलेख दाखवला. ते म्हणाले, “सगळेच डीएमएसओ वापरतात. आपली संयुगं पाण्यात विरघळत नाहीत, मग सगळ्यांना एकच द्रावक नको का?” पोस्टर जुन्याच आकड्यांवर गेलं. मी त्यावर माझं नाव घालू दिलं नाही आणि थिसिसमध्ये सलाइनचेच आकडे दिले. त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढे २०१४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये याच विषयावर पेपर आला: नामांकित कर्करोग-नियतकालिकांतल्या सिस्प्लॅटिनच्या ११ ते ३४ टक्के अभ्यासांत ते डीएमएसओत विरघळवलेलं होतं. ‘सगळेच वापरतात’ यातलं ‘सगळेच’ म्हणजे हे.

तुमच्या प्रश्नाबद्दल: एका सेल लाइनवरच्या आकड्यावर ‘औषध’ हा शब्द वापरू नका. ए२७८० ही अंडाशयाच्या कर्करोगाची लाइन आणि तिची सिस्प्लॅटिनला न जुमानणारी जोडीदार लाइन, दोन्हींवर बघा. निरोगी पेशींवरही बघा. ट्रान्सप्लॅटिनमध्ये तेच अणू आहेत, फक्त मांडणी वेगळी, आणि औषध म्हणून ते निरुपयोगी. सिस्प्लॅटिनचा हा गुण शोधणाऱ्या बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणू विभागायचे थांबून नुसते लांबत चाललेले दिसले, तो पेपर १९६५ चा. उंदरांतल्या गाठींवरचा १९६९ चा. अमेरिकेत मान्यता १९७८ मध्ये. मधल्या काळात मूत्रपिंडांवरच्या परिणामामुळे हे औषध बाजूलाच पडणार होतं, रुग्णांना भरपूर सलाइन देण्याची पद्धत बसली तेव्हा ते टिकलं. हे काही हेला पेशी सांगणार नाहीत.

हो, एक राहिलं. प्रत्येक प्लॅटिनम संयुग डीएमएसओत सारखंच बिघडतं असं नाही. घट्ट किलेट (प्लॅटिनमला एकाहून जास्त जागी धरणारा रेणू) असलेली काही बराच काळ तग धरतात. पण ते गृहीत धरू नका, ज्या द्रावकात चाचणी करता त्यातच एनएमआर काढून बघा. तुमचं संयुग पाण्यात जात नसेल तर डीएमएफ हे दुसरं द्रावक वापरून पाहा, आणि नुसत्या डीएमएफचा कंट्रोल लावा. सिस्प्लॅटिन मात्र सलाइनमध्येच, त्याच दिवशी बनवलेलं. गाईड ‘सगळेच वापरतात’ म्हणाले, तर तो २०१४ चा पेपर छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. तरीही ऐकलं नाही, तर दोन्ही आलेख थिसिसमध्ये घाला.