खोल भाजल्यावर कृत्रिम त्वचा लावली, तरी नंतर मांडीची कातडी का काढतात?

कारण ‘कृत्रिम त्वचा’ हे नाव जरा फसवं आहे. ती तयार कातडी नसते. कातडी वाढावी म्हणून उभारलेला मांडव असतो.

जुनं उदाहरण इंटेग्राचं. सर्जन जॉन बर्क आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे योआनिस यानस यांनी ती घडवली, अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. खालचा थर स्पंजसारखा, गाईचं कोलॅजेन (शरीरातलं चिवट प्रथिन) आणि शार्कच्या कूर्चेतलं एक द्रव्य (हो, शार्कच!) मिळून केलेला. वर सिलिकॉनचा पापुद्रा, ओल आत ठेवायला.

जळलेला भाग काढून हा थर स्टेपलने बसवतात आणि वाट बघतात. पेशंटच्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्या छिद्रांत शिरतात. लालसर थर साधारण तीन आठवड्यांत फिकट पिवळसर होतो, मग सिलिकॉन सोलून काढतात.

पण सगळ्यात वरचं आवरण, एपिडर्मिस, यातून तयार होत नाही. ते पेशंटचंच लागतं, म्हणून मांडी. मात्र खालचा थर आधीच रुजलेला असल्याने नेहमीपेक्षा पातळ पापुद्रा पुरतो आणि मांडीची जखम लवकर भरते.

खर्च मोठा, ऑपरेशनं दोन. पू झाला तर सगळा थर सुटून येऊ शकतो, म्हणून ड्रेसिंगला हात लावण्याआधी हात धुण्यात अजिबात हयगय नको. आणि बरं झाल्यावरही तिथे घाम, केस येत नाहीत. रोज तेल किंवा मॉइश्चरायझर लावावंच लागतं.