वाचकांचे प्रश्न : दहा हजारांचा भाव मनातून जात नाही

प्रश्न : घरात ४० क्विंटल सोयाबीन पडून आहे. मोंढ्यात ४,३०० चा भाव सांगतात. २०२१ ला हेच सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हापासून चार-साडेचारला माल घालायला हात धजत नाही. दुकानदाराची उधारी शेकडा दोन रुपये महिन्याने चालू आहे. थांबावं का?
(औसा तालुका, जि. लातूर)

थांबावं की नाही, हे आकडेमोडीने ठरवता येतं. पण त्याआधी तो दहा हजारांचा आकडा बाजूला काढावा लागेल.

मानसशास्त्रात याला मनाचा नांगर म्हणतात. हा आपला शेतातला नांगर नव्हे, जहाजाला जागच्या जागी धरून ठेवणारा. एकदा ऐकलेला आकडा मनात रुततो आणि पुढचा प्रत्येक अंदाज त्याच्याभोवती फिरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७४ साली एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं; ते काहींसाठी १० वर थांबलं, काहींसाठी ६५ वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं, ६५ पाहिलेल्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता, तरीही.

तुमचा दहा हजारांचा आकडा चक्रावरचा नाही, खरा आहे. म्हणून तो जास्त घट्ट रुततो. पण तो भाव कधीचा होता ते आठवा. जुलै-ऑगस्टचा. त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात माल उरलाच नव्हता. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि भाव सुमारे निम्म्यावर उतरला. म्हणजे आज ४,३०० ला विकताना ५,७०० चा तोटा झाल्यासारखं जे वाटतं, तो तोटा तुमच्या वहीत कधी लागलेलाच नाही. तोट्याचं दुःख मात्र तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट बोचतं. तोटा पक्का करायचा नाही म्हणून माणूस माल धरून बसतो.

आता वही घ्या. ४,३०० वर शेकडा दोन म्हणजे क्विंटलमागे महिन्याला ८६ रुपये व्याज. सहा महिन्यांचे ५१६. माल १२ टक्के ओलाव्याचा असेल आणि उन्हाळ्यात १० टक्क्यांवर वाळला, तर क्विंटलमागे सव्वादोन किलोच्या आसपास वजन घटतं. ४० क्विंटलला ते ९० किलोच्या घरात जातं. दोन्ही धरून सहा महिन्यांनी साधारण ४,९२५ चा भाव मिळाला, तरच आज विकल्याच्या बरोबरीत याल. कट्टे, हमाली, उंदीर, कीड यात धरलेलं नाही. ‘दोन-तीनशेनं वाढला तरी फायदाच’ असं जे वाटतं, ते हा आकडा न काढल्यामुळे.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा. आज घरात सोयाबीन नसतं आणि खिशात एक लाख ७२ हजार रोख असते, तर साठवायला म्हणून याच भावाने ४० क्विंटल विकत घेतलं असतं का? उत्तर ‘छे, वेडा आहे का’ असं असेल, तर धरून ठेवणं आणि विकत घेणं यात फरक फक्त मनाचा आहे.

सगळा माल एकाच दिवशी घालण्याची गरज नाही. उधारी फिटेल एवढा आधी विका, कारण शेकडा दोनचं व्याज सगळ्यात महाग आहे. उरलेल्याचे दोन भाग करा. प्रत्येकापुढे भाव लिहा आणि तारीखही लिहा. तारीख उलटली की भाव काहीही असो, माल मोंढ्यात. नुसता भाव लिहिणारे पुढे तो आकडा वाढवत नेतात. थांबायचंच असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज मिळतं का विचारा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के वार्षिक व्याजाने, १८० दिवसांसाठी अशी ती योजना आहे. शेकडा दोन महिन्याला म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे शेजारी लिहून पाहा. आणि २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे. खरेदी केंद्रावर नोंदणी झाली असेल आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल, तर तुलना त्या भावाशी करा, २०२१ शी नको.

प्रश्न : मोसंबीसाठी तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे गेले. नुसता फुफाटा निघाला. घरचे म्हणतात, तीन गेले म्हणजे चौथ्याला लागणारच. शिवाय आमच्याकडचा पाणाड्या नावाजलेला आहे.
(गेवराई तालुका, जि. बीड)

‘तीन गेले म्हणजे चौथ्याला लागणार’ हे नाणं उडवतानाही खरं नसतं. सलग तीन छापे पडले म्हणून चौथ्या वेळी काटा पडेलच असं नाही. बोअरच्या बाबतीत तर हिशेब उलटा आहे. आपल्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. एकाच रानात तीन ठिकाणी भेग सापडली नाही, म्हणजे तिथे चौथ्याची आशा वाढत नाही, घटते. जितकं खोल तितकं पाणी, हाही या खडकातला नियम नाही.

दुसरं, तीन बोअरला गेलेले पैसे चौथा घेतला तरी परत येणार नाहीत, नाही घेतला तरी येणार नाहीत. ‘एवढे घातले, आता मागं कसं हटायचं’ हे वाक्य घरात निघालं की त्या दिवशी गाडी बोलावू नका.

पाणाड्याबद्दल कुणाचा अपमान न करता एक काम करा. गावातले गेल्या पाच वर्षांतले सगळे बोअर लिहून काढा. ज्यांना लागलं तेवढेच नकोत, सगळे. कागदाचे चार घर पाडा : पाणाड्याने दाखवलेला आणि एप्रिलमध्ये चालणारा, दाखवलेला आणि कोरडा, न दाखवता चालणारा, न दाखवता कोरडा. यशस्वी बोअरची चर्चा पारावर होते, कोरड्या बोअरवर दगड ठेवून माणूस गप्प बसतो, त्यामुळे आपल्या डोक्यात पहिलंच घर भरलेलं असतं. दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या बोअरचं यशाचं प्रमाण सारखंच निघालं, तर पाणाड्याच्या दाखवण्याने फरक पडत नाही. नोंद एप्रिलची घ्या. बोअर मारला त्या दिवशी आलेलं इंचभर पाणी पुष्कळदा पहिल्या उन्हाळ्यात आटतं.

एवढं करूनही घ्यायचा ठरला, तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. किती फुटांवर थांबायचं ते गाडी येण्याआधी, आदल्या रात्री लिहा, आणि तो कागद रानात उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या खिशात द्या. गाडी चालू असताना ‘अजून पन्नास फूट घेऊ’ याला नाही म्हणणं फार अवघड असतं, आणि खोलीबरोबर फुटाचा दरही चढतो.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. दोनदा दिली. तिसरं वर्ष द्यावं का?
(एक आई, परभणी)

ताई, दोन वर्षांचा खर्च हिशेबात धरू नका. पुढच्या एका वर्षाचाच विचार करा. सरावाच्या शेवटच्या दहा पेपरांचे गुण क्रमाने लिहा. आपण सर्वांत चांगला पेपर लक्षात ठेवतो आणि बाकीच्यांना ‘त्या दिवशी ताप होता’ म्हणतो. मधला गुण धरा आणि तो वर सरकतोय का पाहा. शेजारच्या कुणाचा मुलगा तिसऱ्यांदा लागला, ही गोष्ट डोळ्यांसमोर असते. तिसऱ्यांदाही न लागलेले बॅनरवर नसतात. २०२५ साली २२ लाखांवर मुलं परीक्षेला बसली होती आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत. निर्णय मुलाला विचारून घ्या. तिसरं वर्ष द्यायचंच ठरलं, तर दुसऱ्या शाखेचा प्रवेश हातचा सोडू नका.

प्रश्न : हे सगळं वाचून कळतं, तरी चूक होतेच. का?
(एक वाचक, नांदेड)

कळल्याने हे दोष जात नाहीत. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण आपल्या स्वतःच्या मनात झटकन येणारा पहिला अंदाज फारसा सुधारला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं आहे. म्हणून आमचा भर वहीवर आहे. मोठा निर्णय घेताना तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, शंभरात किती खात्री, आणि कशामुळे मत बदलेन, एवढं लिहा. निकाल लागल्यावर ‘मला आधीच ठाऊक होतं’ असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली हे प्रयोगातून दाखवलं. वहीत ६० लिहिलेलं असेल, तर नंतर ते ९० होत नाही. लिहायचं ते निकालाआधी, आणि पेन्सिलीने नको.