रेवा घेतलीत? आधी बॅटऱ्या बघा

अभिनंदन दादा! २००१ साली बेंगळुरूहून आलेल्या या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या आता बोटावर मोजण्याइतक्या दिसतात. तुमची जगवा.

सगळा जीव बॅटऱ्यांत आहे. ६ व्होल्टच्या ८ लेड-ॲसिड (शिसं-आम्लाच्या) बॅटऱ्या, एकापाठोपाठ जोडलेल्या. एकच नवी टाकाल तर जुन्या सात तिलाही घेऊन बसतील. बदलायच्या तर अख्खा संच. बॅटऱ्यांत घालायचं पाणी डिस्टिल्डच, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. सोलापूरच्या उन्हात ते भराभर उडतं. बोअरचं पाणी घालून माझा एक संच वाया गेलाय.

- चार्ज उतरलेली गाडी उभी ठेवू नका.
- बॉडी प्लॅस्टिकची, पण आतली फ्रेम लोखंडी. टॉर्च लावून गंज बघा.
- फुटलेलं पॅनेलही भंगारात देऊ नका.

लिथियम बॅटऱ्या बसवण्याचं नंतर बोलू. आधी जुळे सोलापूर ते सात रस्ता रोज चालवा.