बाळ बाईच्या पोटात वाढते, मग पुरुषाच्या कामाचा काय संबंध?

आपले पती भोसरीत जुन्या बॅटऱ्यांमधून शिसे काढण्याच्या कामावर आहेत, आपण दोघे मूल होऊ देण्याच्या विचारात आहात, आणि त्या कामाचा परिणाम मुलांवर व पुढे नातवंडांवर होतो का, असे आपण विचारले आहे. बाळ बाईच्या पोटात वाढते, त्यात पुरुषाच्या कामाचा काय संबंध, असे सासूबाई म्हणतात, हेही लिहिले आहे. उत्तर लिहायला बसले ते त्यांच्या या वाक्यामुळे. ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, ती जुळवून ते मजकूर रचत. खिळ्यांमध्ये मुख्य धातू शिसे. सकाळी नऊपासून ते केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीसमोर, उभे राहात. डाव्या हातात खिळे जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजव्या हाताने खणांतून खिळे उचलायचे, आणि प्रुफातली चूक दुरुस्त करताना उपसलेला खिळा ठेवायला हात रिकामा नसला की तो सरळ ओठांत धरायचा. केसच्या खणांत साचणारी करडी धूळ अधूनमधून भात्याने उडवली जाई, आणि त्या दिवशी वडिलांचा रुमाल काळा होऊन घरी येई. शिशावर उतारा म्हणून मालक प्रत्येकाला गुळाचा खडा देत. तो त्याच हातांनी खाल्ला जाई. घरी आल्यावर शर्ट खुंटीला लागे आणि आई तो मोरीत घासून धुई. डबा पोचवायला मी गेले की मोडके खिळे मला खेळायला मिळत. त्यांतला एक ‘क्ष’ शाळा संपेपर्यंत माझ्या कंपासपेटीत होता.

माझ्यानंतर आईला दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत. मग धाकटा भाऊ आठव्या महिन्यातच झाला. तो उशिरा बोलू लागला, आकडेमोड त्याला कधी जमली नाही, दहावीला तो तीनदा बसला. आत्याने निकाल केव्हाच देऊन ठेवला होता: “हिच्या कुशीतच खोट आहे.” त्या निकालाबरोबर उपासतापास आले, आणि थंड पडते म्हणून आईचे दही-ताक बंद झाले. वडिलांच्या बोटांच्या काळ्या पेरांकडे मात्र कोणी बोट दाखवले नाही.

खरे तर ही माहिती तेव्हाही शंभर वर्षांची जुनी होती. टाइप फाउंड्रीत, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या बायकांचे गर्भ वारंवार पडतात हे पॅरिसच्या कॉन्स्तांतँ पॉल या डॉक्टरने १८६० साली नोंदवले, आणि ज्या घरात फक्त नवरा शिशाचे काम करतो तिथेही तसे घडते, असेही त्याने लिहून ठेवले. शिशामुळे पुरुषाच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटते. शिवाय कपड्यांवरून आणि केसांतून आलेली धूळ घरातल्या सगळ्यांच्या पोटात जाते. शरीरात गेलेले शिसे कॅल्शियमच्या जागी हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. बाळाच्या हाडांसाठी गरोदर बाईच्या हाडांतले कॅल्शियम सुटू लागले की त्याच्याबरोबर ते शिसेही सुटते, आणि आई व गर्भ यांना जोडणारी वार त्याला अडवत नाही. कंपासपेटीतल्या त्या ‘क्ष’चा हिशेब मला माझ्या बाळंतपणात, म्हणजे १९९० साली, लक्षात आला.

नातवंडांचे म्हणाल, तर मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सारी स्त्रीबीजे तयार होतात. म्हणजे आई वडिलांचा शर्ट धूत होती आणि मी तिच्या पोटात होते, तेव्हा माझ्या मुलीचे बीजही तिथेच होते.

आईच्या आहाराला मी कमी लेखत नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालवला, त्यात असे दिसले की गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे, म्हणजे मधुमेहाकडे नेणाऱ्या दोषाचे, प्रमाण अधिक होते. शाकाहारी घरात बी-१२ मिळते ते दुधादह्यातूनच, आणि आत्याने नेमके तेच बंद केले होते! गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात, आता अठ्ठ्याऐंशीची झालेली आत्या पुन्हा म्हणाली, “दही नको हो देऊ तिला.” मी काही न बोलता दुसरी वाटी वाढली.

आपल्यापुरते सांगायचे तर दोघांनीही रक्तातले शिसे तपासून घ्या, आणि आकडा कितीही लहान आला तरी तो डॉक्टरांना दाखवा, कारण शिशाची निर्धोक अशी पातळी कोणतीही नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पतींना आधी निदान तीन महिने त्या कामापासून दूर राहता आले तर पाहावे. मात्र हाडांतले शिसे तेवढ्यात जात नाही, तेव्हा पुन्हा तपासल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. काम सोडणे शक्य नसेल तर अंघोळ आणि कपडे बदलणे तिथेच व्हावे, चपलाही तिथल्या वेगळ्या असाव्यात.

एक सांगायचे राहिले. भावाचे रक्त कधी तपासले गेले नाही, त्यामुळे त्याच्या दहावीचा दोष मी छापखान्यावर शपथेवर ठेवू शकत नाही. २००० सालापर्यंत पेट्रोलमध्येही शिसे होते आणि ते अख्ख्या पुण्याने हुंगले आहे. पणतवंडांपर्यंत परिणाम गेल्याचे जे दाखले दिले जातात ते मुख्यतः उंदरांवरचे आहेत आणि वेगळ्या रसायनांचे आहेत. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे. आणि तपासणीला जाल तेव्हा सासूबाईंनाही बरोबर न्या, कारण मुलाचे कामावरचे कपडे बहुधा त्याच धूत असतील.