साताऱ्यात ग्रुपने पिस्तूल नेमबाजीच्या ट्रेनिंगला जातोय, सगळ्यांची पहिलीच वेळ. धोका कितपत असतो?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ट्रेकिंग ग्रुपमधले पंधरा-वीस जण एका दिवसाच्या ट्रेनिंगला येताय, कुणी आधी हात लावलेला नाही, तर धोका किती? तुम्हाला चष्मा आहे, त्याची अडचण होईल का? आणि शेवटी मिळणारं सर्टिफिकेट बंदुकीच्या लायसन्सला चालेल का? मी साताऱ्यातच नेमबाजी करतो आणि अशा ग्रुपच्या मागे रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, सांभाळायला बऱ्याचदा उभा असतो, म्हणून लिहितोय.

लायसन्सचं आधी उरकतो: नाही चालणार. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लायसन्ससाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची चौकशी होते, ती प्रक्रियाच वेगळी. ग्रुपच्या दिवसाचा कागद घरी भिंतीवर लावा.

आता धोका. तुम्हाला बहुतेक १० मीटरची एअर पिस्तूल देतील. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचं, म्हणजे पॉइंट १७७ इंचाचं शिशाचं पेलेट (छर्रा) सुटतं. या बोअरची (नळीच्या छिद्राची) आणि २० जूलच्या आतल्या ताकदीची एअरगन घ्यायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, आणि घोळ इथेच होतो. लायसन्स नाही म्हणजे खेळणं, असं लोक धरून चालतात. डोळा जायला एक पेलेट पुरतं.

माझ्या अनुभवात दिवसभरातला सगळ्यात वाईट क्षण पेलेट सुटतानाचा नसतो. तेव्हा माणूस इतका घाबरलेला असतो की नळी बरोबर समोरच असते. पहिला दहा, म्हणजे टार्गेटच्या मधोमध नेम, लागला की तो आनंदाने मागे वळतो, "ए, बघितलंस का?" म्हणतो, आणि वळताना हातातलं पिस्तूलही वळतं. तो क्षण वाईट. पिस्तूल आखूड आणि हलकं, जेमतेम एक किलोचं. रायफल वळवायला अंग वळवावं लागतं, इथे नुसतं मनगट पुरतं. ग्रुप जितका जिवाभावाचा तितकी ही वळावळ जास्त, म्हणून मित्रांच्या ग्रुपपेक्षा अनोळखी लोकांची बॅच सांभाळायला मला सोपी जाते.

त्यामुळे सकाळचा पहिला तास नुसतं ऐकण्यात जाईल, कंटाळू नका. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, सरळ. पिस्तूल रिकामंच असेल असं कधी धरायचं नाही, स्वतः उघडून बघायचं. टेबलावर ठेवताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. "स्टॉप" ऐकू आलं की नेम कितीही जमलेला असो, बोट बाहेर आणि पिस्तूल खाली. हा हुकूम कुणीही देऊ शकतो, तुम्हीसुद्धा. टार्गेट बदलायला कुणी पुढे गेलं असेल तर ते परत येईपर्यंत टेबलाला हातसुद्धा लावायचा नाही. या शेवटच्या गोष्टीवर मी कुणाचं ऐकून घेत नाही, वयाने मोठे असले तरी.

बोटाबद्दल एवढी कटकट का, तर स्पर्धेच्या एअर पिस्तूलचा ट्रिगर फार हलका असतो. नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम, आणि बरेच जण त्याच्या जवळपासच ठेवतात. नवख्या माणसाला आपण दाबलं हे कळायच्या आत पेलेट गेलेलं असतं.

नेमबाजीतही तेच बोट आडवं येतं, पण त्याआधी नजर. सगळे टार्गेटवरच्या काळ्या गोळ्याकडे टक लावून बघतात, तर बघायचं असतं पुढच्या साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे. मागच्या खाचेत पुढची साइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. काळा गोळा धूसर दिसला तर दिसू दे. हिशेब करून बघा: दोन साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटीमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर पेलेट जवळपास तीन सेंटीमीटर लांब जातं. आणि दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. उलट साइट जुळलेल्या ठेवून सगळा हातच थोडा डुलला, तर पेलेटही तेवढंच हलतं. हात थरथरतो म्हणून नाराज होऊ नका, सगळ्यांचाच थरथरतो. उजव्या हाताच्या माणसाची पेलेटं खाली डावीकडे जायला लागली की समजायचं, ट्रिगर दाबत नाहीये, हिसकतोय. मग ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा नुसता ट्रिगर दाबायचा सराव. फोटोत ते काही छान दिसत नाही, पण शिकायला त्यासारखं दुसरं नाही. आठ-दहा सेकंदांत सुटलं नाही तर हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला.

चष्मा राहू द्या. फक्त प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत जवळचा-लांबचा नंबर) असेल तर साइट दिसेल असा तुकडा शोधत मान वरखाली होते, एकाच नंबरचा जुना चष्मा असला तर तो आणा. वर सेफ्टी गॉगल घालायला लावतील, कारण पेलेट उलटून येऊ शकतं.

तुमच्यात कुणी माजी सैनिक असतील (साताऱ्याचा ग्रुप म्हणजे असतीलच) तर गंमत बघा. पिस्तूल हातात आलं की ते आधी उघडून बघतील. नेम मात्र सुरुवातीला हमखास चुकेल, कारण सवय दोन्ही हातांनी रायफल खांद्याला लावायची आणि इथे पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात खिशात.

पेलेट शिशाचं असतं, तेव्हा मधल्या सुट्टीत कंदी पेढ्यांचा पुडा उघडण्याआधी साबणाने हात धुवा.

आयोजकांना दोनच गोष्टी विचारा: फायरिंग लाईनवर एका वेळी किती जण, आणि त्यांच्या मागे शिकवणारे किती. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी दोघा-तिघांमागे एक माणूस हवाच. आणि "संध्याकाळी मळ्यात या, आमच्या पाहुण्यांचं लायसन्सचं खरं पिस्तूल आहे, दोन-दोन राउंड उडवू" असं कुणी म्हणालं, तर जाऊ नका. लायसन्स पाहुण्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही, आणि मळा म्हणजे रेंज नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात-जत्रेत हौसेने, निष्काळजीपणे बार उडवला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.