दिवाळीच्या सुट्टीत आईबाबा आणि मुलांना घेऊन हिमालयातली नॅशनल पार्क: आठ दिवसांत काय जमेल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2026 ची भाऊबीज आटोपून 12 नोव्हेंबरला मालाडहून निघायचं, हाताशी आठ दिवस, सोबत 7 आणि 12 वर्षांची मुलं आणि साठी ओलांडलेले आईबाबा. यादीत कॉर्बेट, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि कुलूचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. माझं मत विचाराल तर पहिली दोन यादीतून काढा आणि तिसऱ्याच्या पायथ्याशी पाच रात्री एकाच घरात राहा. हे मी आधी चुकून मग शिकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट पंचांगाची. आपण 'दिवाळीची सुट्टी' म्हणून डोळ्यांपुढे एकच ऋतू आणतो, पण डोंगरात दिवाळी कधी येते यावर सगळं ठरतं. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला गेलंय. मुंबईत या अडीच आठवड्यांनी एवढाच फरक पडतो की ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असतो. हिमालयात मात्र तेवढ्यात शरद संपून हिवाळा उंबरठ्यावर येतो. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स 1 जून ते 31 ऑक्टोबर एवढंच उघडं असतं, आणि फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमधला. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा फाटक बंद होऊन दोन आठवडे झालेले असतील. कॉर्बेटमधला ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात तो ढिकालाचा भाग 15 नोव्हेंबरला उघडतो. तारीख जुळवली तर तुम्हाला तो मिळेलही, पण कॉर्बेट हे तराईतलं, पायथ्याचं जंगल आहे. तिथून कुलूकडे जायचं तर जाण्यायेण्यात दोन दिवस नुसते गाडीत जातील.

आम्ही 2018 मध्ये नेमकं हेच केलं होतं. एका टूरवाल्यानं कॉर्बेट, जोशीमठ, औली असा आठ दिवसांचा बेत आखून दिला आणि 'ढिकालात मुक्काम' असं कागदावर लिहूनही दिलं. 10 नोव्हेंबरला निघालो, रामनगरला पोचल्यावर कळलं की ढिकाला अजून उघडलेलंच नाही. दुसऱ्या भागात संध्याकाळची एक जीप मिळाली, तेवढंच. मग जोशीमठपर्यंत एक अख्खा दिवस वळणांचा रस्ता. मुलीला गाडी लागते, ती सहा वर्षांची होती, पिशव्या संपल्या आणि गढवालमधल्या श्रीनगरच्या अलीकडे ती माझ्या मांडीवर पडून एकच विचारत होती, "आई, आता तरी पोचलो का?" त्या आठ दिवसांत आम्ही धड चाललो असू तर एक सकाळ. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण घरी आल्यावर चार दिवस त्यांची पाठ धरली होती. ती पाठ मी विसरले नाही.

म्हणून 2022 मध्ये भाऊबिजेनंतर निघताना एकच खोरं निवडलं. तीर्थन, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या पायथ्याचं.

ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क कुलू जिल्ह्यात आहे, क्षेत्रफळ 754 चौरस किलोमीटर, 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण आपण मुंबईकर नॅशनल पार्क म्हटलं की बोरिवली डोळ्यांपुढे आणतो, नाहीतर ताडोबाची जिप्सी. इथं तसलं काही नाही. आत गाडीरस्ताच नाही, सफारी नाही, जे आहे ते पायी. परवाना घ्यावा लागतो, तो साई रोपाच्या वनखात्याच्या केंद्रात मिळतो. हिमबिबट्या, तपकिरी अस्वल, भरल (डोंगरातली रानमेंढी) आहेत, पण ते वर, कड्यांवर. मुलांना 'प्राणी बघायला जातोय' असं सांगून नेऊ नका. 'नदी जिथून येते तिकडे चालत जातोय' असं सांगा. हा पार्क ज्याच्यासाठी ओळखला जातो तो जुजुराणा, म्हणजे पक्ष्यांचा राजा, हिमाचलचा राज्यपक्षी, आम्हालाही दिसला नाही.

दिसलं ते वेगळंच. आमच्या घरासमोर तीर्थन नदी, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई शाल गुंडाळून काठावर बसल्या होत्या आणि मुलीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, हा पक्षी बुडाला बघ." चिमणीपेक्षा जरा मोठा, गुटगुटीत, चॉकलेटी पक्षी दगडावरून सरळ धारेत शिरला. आम्ही तिघी श्वास रोखून बघतोय. थोड्या वेळानं वरच्या अंगाला दुसऱ्याच दगडावर बाहेर आला, चोचीत अळी. अंग झटकलं, दोनदा गुडघे वाकवल्यासारखं केलं, परत आत. हा डिपर. पाण्याखाली तळाला धरून चालतो, नदीतले किडे वेचतो. आजी-नात रोज सकाळी त्याच दगडापाशी जाऊन बसायच्या. तिकीट नाही, जीप नाही, चढही नाही. तुमच्या आईबाबांना झेपेल असा नॅशनल पार्क तो हाच.

आता उंचीचं गणित, कारण तुमच्या बेतात मला त्याचीच काळजी वाटली. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं. तीर्थनमधल्या बंजार, गुशैणी या गावांचा पट्टा त्याच्या बराच खाली आहे, गुशैणी साधारण 1600 मीटरवर. म्हणून झोपायचं इथे, आणि वर जायचं ते दिवसा, उतरून परत यायचं. फोटो बघून लोक वरच्या शोजा गावाला मुक्काम ठरवतात. जागा सुंदर आहे, पण ती 2600 मीटरच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री लहान मुलाला न् म्हाताऱ्या माणसाला तिथली थंडी सोसवत नाही. बाबांना रक्तदाबाची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना 'तीन हजार मीटरवर काही तास जाणार आहोत' हे नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं 'हिमाचलला जातोय' म्हणू नका.

ते काही तास जलोरी खिंडीचे. खिंड 3120 मीटरवर, गाडी थेट वर जाते, आणि तीच अडचण. दीड-दोन तासांत तुम्ही दीड हजार मीटर चढलेले असता आणि शरीराला पत्ताच नसतो. पुढे सेरोलसर तळं पाचेक किलोमीटर, ओक-देवदारांच्या रानातून, वाट सोपी. तळ्याकाठी बूढी नागिणीचं मंदिर आहे, आणि पाण्यात पान पडलं की एक पक्षी ते उचलून बाहेर टाकतो अशी तिकडची श्रद्धा. मुलगी तासभर पान पडायची वाट बघत होती. सासूबाई मात्र खिंडीतल्या मंदिराच्या पायऱ्यांवरच थांबल्या. म्हणाल्या, "मला दम लागतोय, पण तुम्ही जा." आम्ही आधीच ठरवलं होतं की असं झालं तर दोघं पुढे, दोघं मागे. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, आणि मुलगी पुढे गेले. मी सासूबाईंसोबत टपरीवर बसले. चहा, गरम मॅगी, समोर बर्फाची रांग. अर्ध्या तासात मी त्यांना गाडीनं खाली आणलं आणि हजारेक मीटर उतरल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. तुम्हीही हे घरी बसून ठरवा: कोण कोणासोबत थांबणार, परत फिरायचं कोण म्हणणार. खिंडीत उभं राहून ठरवायला गेलं की माणसं एकमेकांची मनं राखत बसतात आणि ज्याला त्रास होतोय तोच म्हणतो, मी येतो. नोव्हेंबरमध्ये तिथं बर्फही पडू शकतं. पडलं असेल तर हट्ट नको, त्या दिवशी जिभीजवळची चैहणी कोठी बघा. दगड आणि देवदाराचे वासे एकाआड एक रचून उभा केलेला उंच बुरूज आहे, पोरं मान मोडेपर्यंत वर बघतात.

पार्कातली मुख्य चाल गुशैणीहून रोल्लाकडची, नदीच्या काठाकाठानं, एका बाजूनं साधारण आठ-दहा किलोमीटर. सात वर्षांच्या मुलासोबत रोल्लापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणं जड जाईल. पार्कच्या फाटकापर्यंत जा, थोडं आत जा, पाण्याकाठी डबा खा, परत या. तेवढं भरपूर आहे. एक लक्षात ठेवा, खोरं अरुंद आहे, आपल्याकडे साडेचार म्हणजे दुपार, तिथं त्याच्या आधीच ऊन डोंगरामागे जातं आणि क्षणात गारठा. सकाळी आठला पाय उचला आणि तीनपर्यंत घराजवळ या.

सोबत गावातला गाइड घ्या, वाट सोपी असली तरी घ्या. 1999 मध्ये पार्कची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा आसपासच्या गावांचे आतली चराई आणि जडीबुटी गोळा करायचे हक्क गेले. ज्यांच्या आज्या वर गुच्छी, म्हणजे रानातली अळंबी, वेचायला जायच्या, त्यांची पोरं आज परवाना आणि पाठपिशवी घेऊन आपल्याला वाट दाखवतात. तुमचे पैसे त्या घरांत जावेत असं मला मनापासून वाटतं. हॉटेलपेक्षा होमस्टे घ्या तेही याचसाठी. आमच्या घरमालकिणीनं आम्हाला सिड्डू करून घातले, वाफवलेली कणकेची जाड भाकरी, आत अक्रोडाचं सारण, वरून तूप. आम्ही डबाभर चकल्या आणि बेसनाचे लाडू नेले होते. तिनं चकलीचा साचा कसा असतो ते माझ्याकडून कागदावर काढून घेतलं. छपरावर मक्याची कणसं वाळत घातलेली, बाहेर झाडांवर गवताचे भारे चढवलेले. त्यांच्या हिवाळ्याची ती बेगमी होती. तुम्ही दोन आठवडे उशिरा जाल, तेव्हा झाडं बरीच ओकीबोकी असतील, पण त्यामुळे समोरची शिखरं जास्त दिसतील.

जायचं कसं? दिल्लीहून रात्रीची मनालीची बस बहुतेकजण सुचवतील. ती पहाटे औटच्या बोगद्याच्या तोंडाशी सोडते आणि तिथून बंजारचा फाटा. तरुण मुलांना ठीक आहे. आईबाबा आणि गाडी लागणारी मुलं असतील तर नको, शिवाय नोव्हेंबरमधली दिल्लीची हवा ज्येष्ठांच्या छातीला बरी नाही. 12 ला विमानानं चंदीगड, रात्र तिथेच, 13 ला सकाळी गाडी करून दिवसाउजेडी पोचा. 13 ते 17 पाच रात्री तीर्थनला, 18 ला परत चंदीगड, 19 ला घरी. विमान परवडत नसेल तर जाताना राजधानीनं दिल्ली आणि तिथून शताब्दीनं चंदीगड करा, एक रात्र कमी होईल, पण येतानाचं विमान सोडू नका. दमलेल्या माणसांना घरी लवकर आणणं महत्त्वाचं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 12 नोव्हेंबरच्या गाडीचं 13 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी. मखराच्या गडबडीत ते नक्की राहून जाईल, म्हणून आजच घरातल्या एकाच्या गळ्यात ती जबाबदारी घाला.

शिखरंच बघायची असतील, तर मुलं मोठी झाल्यावर दार्जिलिंगजवळचं सिंगालीला नॅशनल पार्क ठेवा. संदकफूहून एव्हरेस्ट आणि कांचनजंगा दोन्ही दिसतात, पण तिथं 3636 मीटरवर झोपावं लागतं. या खेपेला तुमच्या आईबाबांसाठी ते मी सुचवणार नाही.

आणि तयारीसाठी जिम लावू नका. तुम्ही मालाडला, बोरिवलीचा पार्क हाकेच्या अंतरावर. सप्टेंबरपासून दर रविवारी सगळ्यांनी मुख्य दारातून कान्हेरीकडे चालायला लागा. पहिल्या रविवारी जमेल तिथून मागे फिरा. आईबाबा कान्हेरीच्या पायऱ्या चढून वर बसून पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला हात लावत नाहीत, असं झालं की तीर्थनच्या वाटेची चिंता नाही. मुलांच्या बुटांचे फोडही याच रस्त्यावर कळतील. नवे बूट डोंगरात पहिल्यांदा घालायचे नसतात. आमच्या मुलीच्या टाचेचा फोड कान्हेरीच्या तिसऱ्या फेरीत फुटला होता, म्हणून बूट बदलायला वेळ मिळाला.